साय यंगचा खांदा आणि आमच्या मे महिन्यातल्या मॅची

मा. संपादक यांस,

गेल्या रविवारी आपल्या क्रीडापानावर अमेरिकेच्या साय यंगबद्दल चार ओळी होत्या. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून ५११ विजय, अजून कुणी मोडले नाहीत. आमच्या हर्णैत ते वाचून लगेच निकालही लागला: "बघा जुनी माणसं! आताची पोरं दोन ओव्हर टाकून खांदा धरून बसतात." मी ३१ वर्षं शाळेत पीटी शिकवली, त्यामुळे गप्प राहवलं नाही.

आकडे खरेच आहेत. १८९० ते १९११ असे बावीस मोसम तो खेळला. ८१५ सामने त्यानं सुरू केले, त्यातले ७४९ शेवटपर्यंत एकट्यानं टाकले. (सर्वाधिक पराभवांचा विक्रमही त्याचाच, पण तो कुणी मोठ्यानं वाचत नाही.) ओहायोतला हा शेतकऱ्याचा पोर. चाचणीला चेंडू टाकले तेव्हा कुंपणाच्या फळ्या तुटल्या, वादळ आल्यासारख्या, म्हणून 'सायक्लोन', आणि त्याचं 'साय', असं सांगतात. त्याचे चेंडू झेलणारा झिमर म्हणे हातमोज्यात मांसाचा तुकडा ठेवायचा.

पण हा राक्षस सामन्याआधी हात मोकळा करायचा तो जेमतेम तीन-चार मिनिटं! हातात चेंडू मोजकेच असतात, ते सरावात कशाला उधळायचे, हा त्याचा हिशेब. मोसम संपला की शेतावर लाकडं फोडायची. १८९३ साली पिचरना फलंदाजापासून मागे सरकवून ६० फूट ६ इंचांवर नेलं, तरी त्या वर्षी त्यानं ३४ सामने जिंकले. पुढे वेग उतरला तशी नेमकेपणावर भिस्त ठेवली. ५ मे १९०४ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, फिलाडेल्फियाचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज ओळीनं बाद केले. एकालाही पहिला तळ (बेस) गाठता आला नाही.

आता आमच्याकडचं. मे महिन्यात चाकरमानी आले की कातळावर चुन्याच्या रेघा पडतात आणि टेनिस बॉलच्या मॅची सुरू. गेल्या वर्षी माझा पुतण्या एका रविवारी पाच मॅच खेळला. प्रत्येक मॅचला दोन ओव्हर, म्हणजे दिवसाला दहा. हे एक वेळ चाललं असतं. पण मधल्या वेळात मंडपामागे पुढच्या टीमच्या पोरांना "जरा हात बसवून दे" म्हणून तो चेंडू टाकत होता. मी मोजायला बसलो आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. हाक मारली, तर "काका, वॉर्मअप हाय!"

फायनल जिंकली, बोकड मिळाला. नारळी पौर्णिमेनंतर हा पाग (हातानं फेकायचं जाळं) घेऊन पाण्यात उतरला, तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. जाळं उघडायच्या आधीच पायाशी गोळा होऊन पडलं. डॉक्टरांनी सहा महिने काही फेकू नको म्हणून सांगितलं.

आयोजकांना एवढंच म्हणणं, की पत्रकावर बोकडाचं बक्षीस ठळक छापता, त्याखाली एक ओळ टाका: एका बोलरला दिवसाला सहाच ओव्हर, आणि मंडपामागे बोलिंग बंद. माईकवाल्यालाही दर मॅचला तेवढं सांगायला लावा.

पुतण्या यंदा स्कोअर लिहायला बसणार आहे. अक्षर बरं आहे त्याचं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, हर्णै (ता. दापोली)