शिआनला एक मोकळा दिवस द्या

महोदय,

चीनच्या सहलींच्या जाहिराती पुन्हा दिसू लागल्या आहेत. त्यांत शिआनच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. मातीच्या सैनिकांची फौज पाहायची, जेवायचं आणि पुढच्या गावी निघायचं. पण ती फौज शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर आहे. ती पाहून परतणाऱ्यानं शिआन पाहिलेलंच नसतं. आमच्या सहलीतही तेच होतं, म्हणून मी आणि यजमान दोन दिवस मागे राहिलो.

शहराभोवतीचा तट मिंग काळातला, चौदाव्या शतकातला. पुरा १३.७ किलोमीटर, १२ मीटर उंच, आणि माथा इतका रुंद की वर सायकली भाड्यानं मिळतात. दक्षिण दरवाजावर आम्ही दोघांनी मिळून चालवायची सायकल घेतली. वर विटांची फरसबंदी आहे. सांध्यासांध्याला हँडल थडथडतं, तळहातांना मुंग्या येतात. दर १२० मीटरवर तटाबाहेर आलेला बुरुज आहे, म्हणजे भिंतीला भिडलेला शत्रू दोन्ही बाजूंच्या बाणांच्या टप्प्यात यावा. अजिंक्यताऱ्यावर मुलांना बुरुज दाखवत मी उभी हयात घालवली, त्यामुळे प्रत्येक बुरुजाशी थांबणं आलंच. फेरीला आम्हाला अडीच तास लागले.

दुपारी घंटाघरापासून नगारखान्यामागच्या मुस्लिम मोहल्ल्यात चालत गेलो. तिथे समोर रिकामा वाडगा आणि घट्ट रोट्या ठेवतात. त्या आपणच कुस्करायच्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या बारीक, मग आतून त्यावर मटणाचा रस्सा घालून आणतात. शेजारच्या आजींनी माझे तुकडे मोठे झाल्याचं खुणेनं दाखवलं आणि स्वतः बारीक करून दिले.

दुसऱ्या दिवशी दक्षिण दरवाजातून निघून तासाभराची पायपीट करत मोठ्या रानहंस पॅगोडाला गेलो. पाठ्यपुस्तकातला आपला चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग (आमच्या लहानपणी ह्युएनत्संग) ६४५ साली भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन इथे परतला. ते ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा उभा राहिला. चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात युआन श्वांग महाराष्ट्रात आला होता. इथली माणसं मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत, असं त्यानं लिहून ठेवलं. तीस वर्षं मी हे फळ्यासमोर उभं राहून सांगितलं. त्याच्या पुतळ्यापुढे उभी राहिले तेव्हा मात्र तोंडातून शब्द फुटेना. मराठी माणसांची बस या गावी येऊन इथे न थांबता जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

सहल आयोजकांनी शिआनला एक मोकळा दिवस द्यावा, ही कळकळीची विनंती. तटावर सकाळी लवकर जावं, दुपारी वर सावली नसते. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी वर बॅटरीवरच्या गाड्याही आहेत.

– एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा