रोषणाई हवी, पण वास्तूला खिळा नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या सुट्ट्या लागल्या, की जुन्या वास्तूंवर दिव्यांच्या माळा चढतात आणि वारसा जतनासाठी झटणाऱ्या स्थानिक मंडळींचा जीव टांगणीला लागतो. त्यांच्याबरोबर काम करताना एका कमानीचा निखळलेला ढलपा मी हातात घेतला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला, कधीतरी माळेसाठी ठोकलेला लोखंडी खिळा गंजून फुगलेला दिसला. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते आणि आतल्या दाबाने दगड फुटतो. ती भेग घाईघाईने सिमेंटने बुजवली, तर दुखणे बळावते. कारण चुन्याच्या सांध्यांतून सहज बाहेर पडणारी ओल सिमेंटमागे कोंडते, क्षारांचे स्फटिक बनतात आणि दगडाचा पृष्ठभाग सोलवटू लागतो. मूळ साहित्याचा आदर राखूनच जीर्णोद्धार व्हावा, असे १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यात, म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

आगीची धास्ती तर वेगळीच. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे मध्ययुगीन लाकडी छत काही तासांत जळाले आणि कॅथेड्रल पुन्हा खुले व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

उत्सवाला आमचा मुळीच विरोध नाही. वास्तू उजळलेली पाहून आम्हालाही भरून येते. मात्र आयोजकांनी माळा भिंतीवर न ठोकता स्वतंत्र चौकटीवर टांगाव्यात, जुन्या वायरिंगवर भार टाकण्यापूर्वी ते जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि रात्री वीजजोडणी बंद करावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक