बारकीला काही झालं तर मला त्याच दिवशी सांगा

पुणे, 20 मे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मी चिडले. तसं बोलायला नको होतं. पण आई, भाजीचे भाव सांगता सांगता मध्येच तू म्हणालीस, "परवा बारकीनं बेदाणे खाल्ले, दोनदा ओकली, आता बरी आहे," आणि आपल्या कुत्रीच्या काळजीनं माझ्या पोटात गोळा आला. आज सकाळी बाबा तिला दवाखान्यात घेऊन गेले, रक्त तपासलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक आलं, हे कळल्यावर कुठे जिवात जीव आला. डॉक्टरांनी परत एकदा रक्त बघायचं म्हटलंय ना, ते चुकवू नका.

तासगावचा मामा दर उन्हाळ्यात बेदाण्याचा बॉक्स पाठवतो आणि तो स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर बसतो, मी शाळेत होते तेव्हापासून. येता-जाता मूठभर तोंडात टाकायचे, आल्यागेल्याच्या हातावर ठेवायचे. बेदाणा कुणाला बाधेल हे आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. कुत्र्याला मात्र तो विषासारखा आहे, आणि द्राक्षंही. त्यातल्या टार्टारिक आम्लामुळे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात, असं गेल्या काही वर्षांत पशुवैद्य मानू लागलेत. किती खाल्ले म्हणजे बाधतील याचा भरवसा नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यात जातं. आणि फसवणारी गोष्ट ही, की ओकारी थांबते, आपल्याला वाटतं सुटलो, आणि एक-दोन दिवसांनी लघवी कमी होऊ लागते. म्हणून "आता बरी आहे" ऐकून मला धीर आला नाही.

पुन्हा असं झालं तर आधी डॉक्टरांना फोन. तास-दोन तासांत नेलं तर ते औषध देऊन ओकवून काढतात. आई, तू आम्हाला लहानपणी मिठाचं पाणी पाजायचीस तसं तिला पाजू नकोस, तेवढं मीठही तिला सोसत नाही. बॉक्स वरच्या फळीवर ठेव असंही मी म्हणणार नाही, नाहीतर तू स्टुलावर चढशील. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भर, म्हणजे झालं. आमटीभातही बंद करायचा. चिंचेत तेच आम्ल असतं, आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तुला वाईट वाटेल, माहीत आहे. ताटातला शेवटचा घास तिचा, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तो घास बिनमिठाच्या भाताचा आणि उकडलेल्या अंड्याचा असू दे, ती तेवढ्याच आनंदानं खाईल.

बाबा, जानेवारीत ती लंगडत होती तेव्हा तुमची गुडघ्याची गोळी अर्धी करून तिला दिलीत. तिचं दुखणं तुम्हाला बघवलं नाही, हे मी समजू शकते. पण माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडावर येतं. पॅरासिटामॉलसुद्धा आपल्या मनानं द्यायची नाही. तुमच्या गोळ्या खाटेशेजारच्या स्टुलावरून कपाटात हलवा. आणि फिरायला नेताना पट्टा मनगटाला गुंडाळू नका. मांजर दिसलं की ती हिसडा देते. पट्टा हातातून सुटला तर ती सापडेल, तुमचं खुब्याचं हाड मोडलं तर कोण काय करणार?

आता पावसाचं. खरं तर याच्यासाठीच पत्र लिहायला बसले.

2019 ला कृष्णेला आलेल्या पुरानंतर आपल्या सांगलीच्या गावभागातला चिखल उपसताना शेजारच्या जिन्यात बारकी सापडली, ओंजळीत मावेल एवढी. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. दावणीला बांधून राहिलेल्या मुक्या जीवांचं काय झालं, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. म्हणूनच 2021 ला पाणी आलं तेव्हा तिला सोडून जायचं नाही म्हणून तुम्ही दोघं माडीवर बसून राहिलात, आणि मला फोनवर सांगत राहिलात, "पाणी अजून पायरीशीच आहे." ते सोप्यात शिरलं होतं. मला हे शेजारच्या काकूंकडून कळलं.

तिला सोडू नका, हे माझंही म्हणणं आहे. पण मग तिला घेऊन लवकर निघा. आयर्विनपाशी पाणी 40 फुटांना गेलं की इशारा, 45 ला धोका. तुम्ही त्या आकड्याची वाट बघायची नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि इथं पाऊस लागून राहिला असेल, तर रिक्षा बोलवायची आणि तिघांनी विश्रामबागला मावशीकडे जायचं. मावशीशी मी बोलले आहे, मागची खोली बारकीची. सोडवायला नाव येईपर्यंत थांबलं तर तिला नावेत घेतीलच याची खात्री नाही, आणि घाबरलेलं कुत्रं घरच्यालाही चावतं. तोंडाला लावायची जाळी मी आणते. आत्तापासून रोज पाच मिनिटं, खाऊ देत देत, सवय लावा. एक पिशवी भरून दारामागे टांगा: लसीचं कार्ड, तिची जुनी चादर, आठवड्याचं कोरडं खाणं, पट्टा, आणि तुमच्या दोघांच्या गोळ्या.

जूनच्या आत रेबीजची आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झालेली हवी, दोन्ही दरवर्षी लागतात. पुरानंतर घुशी-उंदरांच्या मुतानं पाणी बाटतं आणि लेप्टो तिलाही होतो, आपल्यालाही. गोचिडी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा.

बाबा न्हाणीघरात घसरले, ते मला महिन्यानं कळलं. बारकीचं दोन दिवसांनी. मी काळजी करीन म्हणून तुम्ही सांगत नाही, पण न सांगितल्यानं मी रोजच काळजी करते. रात्री दोन वाजता फोन केलात तरी चालेल.

मी 5 जूनला येतेय. तिच्या गळ्याचं माप दोऱ्यानं घेऊन ठेवा, फोन नंबर कोरलेला पट्टा करून आणते.

तुमची,
मनू