टायगर मॉथवाल्या अनोळखी लोकायचे आभार

राजेहो, मी दारव्ह्याकडचा कास्तकार, पोरीकडं इंग्लंडले गेलो तर जावईबुवानं डक्सफर्डच्या विमानतळावर टायगर मॉथ नावाच्या जुन्या विमानात बसवलं. १९३१ चं मॉडेल, वरून उघडं, एकावर एक दोन पंख अन् त्याले कापड ताणलेलं! सेल्फ नाही, म्हणून एका भाऊनं समोरचा पंखा हातानंच फिरवला अन् इंजिन धडधडलं. मुळात त्याले ब्रेकच नसते, तर एक पोरगा पंखाचं टोक धरून सोबत चालला. पट्टे कसून देणारी ताई तर माह्यापेक्षा जास्त खुश. वर गेल्यावर वारा असा तोंडावर की बोलताच येईना, नुसता हसत होतो, खाली शेतंच शेतं, पण तूर-पराटी कुठंच नाही. तुमची नावं माहीत नाही, पण लय धन्यवाद, इकडं आले तर हुरडा पक्का.