पाहुणे पक्षी काठ बदलताहेत

महोदय,

माझं शेत नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाला. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत, गाळपेऱ्यात, हरभरा टाकतो. शेजारीच, घोट्याएवढ्या पाण्यात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चोच उलटी करून चिखल चाळायचे. २०१६ च्या दुष्काळात धरण तळाला गेलं होतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ते तुडुंब राहिलं, उथळ काठ बुडाला आणि आमच्याकडे यंदा एकही रोहित उतरला नाही. हवामान असं टोकाचं झाल्यावर पक्षी दुसरं पाणथळ शोधणारच. पण जायकवाडी पक्षी अभयारण्याची हद्द १९८६ चीच! पक्षीगणनेत आसपासचे पाझर तलावही धरावेत आणि तिथला गाळ-मुरूम उपसा निदान हिवाळ्यात थांबवावा, ही कळकळीची विनंती.

एक शेतकरी, पैठण तालुका