मंगळवेढ्याची लाल ओळ

काय बे बाळ्या,

आबांची शुगर कंट्रोलमध्ये, आईचे गुडघे तसेच. आता मुद्द्याचं बोलतो, कारण हे इथं कुणाला सांगून कळणार नाही आणि कालपासून डोकं नुसतं भणभणतंय.

आमचं ते टेलिकॉमचं मॉडेल माहितीय ना, जिल्ह्यातला एकेक टॉवर, त्याचं भाडं, वीजबिल, डिझेल, फायबर आणि समोर त्याची कमाई. काल मंगळवेढ्याच्या पुढची एक ओळ लाल झाली, म्हणजे टॉवर तोट्यात, गाव बघितलं तर दिल्याच्या मामाचं! क्लायंटचा माणूस लगेच म्हणाला, काढून टाका हा टॉवर.

मी म्हटलं थांबा, इनकमिंग बघा. गावातली पोरं सगळी पुण्याला नाहीतर भिवंडीला, फोन तिकडून येतात, रिचार्ज तिकडच्या नंबरचा म्हणून कमाई तिकडच्या टॉवरच्या नावावर. पूर्वी निदान दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून कॉल आला की घेणाऱ्या कंपनीला मिनिटाला 14 पैसे मिळायचे, ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने, ऑक्टोबर 2017 पासून ते 6 केले आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य. म्हणजे जिथं फोन नुसते येतात त्या गावाच्या खात्यात काहीच पडत नाही. पण टॉवर काढला तर पुण्यातलं पोरगं आईला फोन लावणार कसा, आणि मग ते तरी ह्यांचं सिम ठेवेल का?

त्याहून मोठी भानगड फायबरची. सोलापूरहून गेलेली लाइन एकच, मॉडेल तिचा खर्च सगळ्या टॉवरांवर वाटतं. हा टॉवर बंद केला तर भाडं-डिझेल वाचेल, फायबरचा रुपया वाचत नाही, तो शेजारच्यांच्या डोक्यावर जातो आणि मग त्यातला अजून एखादा लाल. आपली तुळजापूरची जीप आठव. दिल्या मधेच तामलवाडीला उतरला आणि तू हटून बसलास की त्याने अर्धंच द्यायचं, अरे जीपवाल्याने भाडं कमी केलं होतं का? अजूनही माझंच बरोबर आहे, सांगून ठेवतो.

साहेब म्हणतात गर्दीच्या तासावर खर्च वाट, किती कॉलच्या गर्दीला किती लाइन लागतात हे सांगणारं एरलांगचं 1917 चं गणित आहेच. आषाढीला पंढरपुरात ते चालतं, तिथं गर्दीसाठीच कपॅसिटी वाढवावी लागते. ह्या गावात टॉवर आहे तो रेंज पोचावी म्हणून, एक माणूस बोलो नाहीतर पन्नास, खर्च जवळपास तेवढाच. म्हणून मी प्रत्येक ओळीला नवा कॉलम लावतोय, बंद केल्यावर खरंच किती खर्च थांबतो आणि पुण्याकडची धरून किती कमाई जाते. तसं बघितलं तर ती ओळ लाल राहत नाही बे!

तू साखर कारखान्यात मळी-बगॅसवर खर्च टाकतोस, तुला कळेल. नावं काढून नमुना पाठवतो, बुधवारच्या मीटिंगआधी बघ, कुठं अडवतील ते सांग.

वहिनींची बदली झाली का? पिंकीला दहावीसाठी ऑल द बेस्ट. गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येणार असलास तर कळव. आणि दिल्याला यातलं काही बोलू नको, तो लगेच मामाला फोन लावेल.

तुझा,
पव्या