झालं ते झालं, म्हणालो होतो

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून बोलायला जमत नाही, म्हणून लिहितोय. परवा गाडीत पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. आपण बरेच मागे होतो, तरी तुझा उजवा पाय करकचून खाली दाबला गेला. तुझ्या बाजूला ब्रेक नव्हताच. मग तू उगाच काच खाली-वर करत राहिलास आणि मी रेडिओ मोठा केला. दुसरं काही सुचलं नाही रे.

अपघाताला आठ महिने झाले. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, तिथेच मी विषय मिटवला. “झालं ते झालं, आता विसर,” असं तुला कितीदा म्हणालो! विसरणं हातात असतं तर तू पहिल्याच आठवड्यात विसरला असतास.

जरा वाचलं मग. मेंदूत बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. जिवावर बेतलं की तो इतका पेटतो की घडलेल्या गोष्टीवर ‘हे होऊन गेलं’ असा शिक्का नीट बसत नाही. नंतर नुसता टायर घासल्याचा आवाज आला तरी अंगाला वाटतं, आत्ता होतंय. पहिल्या महायुद्धात थरथरणाऱ्या सैनिकांच्या या दुखण्याला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि कित्येकांना भित्रे ठरवत. ‘पीटीएसडी’ (म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार) हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आलं ते थेट १९८० साली. मी जन्मलो तेव्हा ते नव्हतं. (सबब म्हणून सांगत नाही.)

तुला तेच झालंय असं माझं म्हणणं नाही. ते तज्ज्ञाने ठरवायचं. बरेच जण काही आठवड्यांत आपसूक सावरतात. पण महिना उलटूनही झोप उडत असेल, तर दाखवावं म्हणतात.

तू पुलाचा रस्ता टाळून वळसा घालतोस, हे मला माहीत आहे. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि मनाची खात्री पटते की पूल खरंच धोक्याचा होता. भीती अशीच पोसली जाते. थेरपीत ही गाठ सोडवतात. पहिल्याच दिवशी सगळं ओकायला लावत नाहीत. आधी श्वास, अंग सैल सोडणं, मग त्या आठवणीकडे तुझ्या बेताने, थोडं थोडं. मनावरच्या आघातासाठीच्या सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणाऱ्या थेरपीच्या, साधारण आठ ते बारा बैठका होतात, कधी जास्त. ईएमडीआर नावाच्या पद्धतीत आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे असतात. मला आधी ते जादूटोण्यासारखं वाटलं, पण उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलंय. मध्ये काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटेल. थेरपिस्टशी सूर जुळला नाही, तर दुसरा बघू.

सोबत येऊ का? बाहेर बाकावर बसेन, आत काय झालं विचारणार नाही. रस्ता तू सांग. वळशाचा असला तरी चालेल, सध्यापुरता.

तुझा,
बाबा